कर्णा घरात येतो तेव्हा

शाळेच्या गच्चीवरचा पत्र्याचा भोंगा तुम्ही रोज पाहता. प्रार्थनेच्या वेळी तो सुरू झाला, की आवाज पार रस्त्यापर्यंत जातो. एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, भोंग्याला तर वीज लागत नाही. तो नुसता पत्रा आहे. मग आवाज मोठा कुठून होतो?"

प्रश्न अगदी योग्य आहे. भोंगा, म्हणजे कर्णा, ऊर्जा निर्माण करू शकत नाही. मग तो करतो तरी काय? याचा विचार करण्याची वेळ आमच्यावर एका वेगळ्याच निमित्ताने आली. आमच्या एका मित्राने बंद पडलेल्या चित्रपटगृहातले दोन मोठे कर्णे जुन्या बाजारातून विकत घेतले आणि ते घरी गाणी ऐकण्यासाठी लावायचे ठरवले. ते बसवायला आम्ही सगळे गेलो होतो. त्या महिन्याभरात जे शिकलो, ते इथे सांगत आहोत.

हलकी हवा, जड पडदा

समजा, तुम्ही पूर्ण ताकदीने क्रिकेटचा चेंडू फेकला. तो लांब जाईल. आता तेवढ्याच ताकदीने थर्मोकोलची गोळी फेका. हात तितकाच जोरात फिरेल, पण गोळीला फारशी ऊर्जा मिळणार नाही. हाताची ताकद हातातच राहील. हात आणि गोळी यांची जोडी जमलेली नाही.

साध्या स्पीकरचे असेच होते. त्याचा कागदी पडदा हवेच्या मानाने बराच जड असतो. तो पुढेमागे हलतो तेव्हा हवा बाजूला सरकून निसटते. परिणामी स्पीकरला दिलेल्या विजेपैकी सुमारे एक टक्का किंवा त्याहूनही कमी ऊर्जेचा आवाज होतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते.

आता पडद्यासमोर एक अरुंद गळा बसवा आणि तो हळूहळू रुंद करत न्या. अरुंद गळ्यातली हवा निसटू शकत नाही, त्यामुळे पडद्याला तिच्यावर जोर लावता येतो. गळ्याशी दाब जास्त असतो. तो पुढे पुढे कमी होत जातो आणि तोंडाशी मोठ्या क्षेत्रफळाची हवा हलू लागते. सायकलचे गिअर पायाची ताकद चाकाशी जुळवून देतात, तसा कर्णा पडद्याची ताकद हवेशी जुळवून देतो. जी ऊर्जा वाया जात होती, तिच्यातला बराच मोठा वाटा आता आवाजात येतो. आपल्या कानातली तीन हाडेही असेच काम करतात. ती हवेतली कंपने आतल्या कानातल्या द्रवापर्यंत पोचवतात.

कर्णा एवढा मोठा का?

कर्ण्याचे तोंड अचानक संपले, तर ध्वनिलहर तिथून परत फिरते आणि आवाज नाकातून आल्यासारखा वाटतो. हे टाळायचे असेल तर तोंडाचा परीघ निदान एका तरंगलांबीइतका हवा, असा ढोबळ नियम आहे.

शाळेच्या भोंग्याचे गणित मांडू. तोंडाचा व्यास ५० सेंटिमीटर धरला तर परीघ सुमारे १.५७ मीटर. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरू. ३४५ भागिले १.५७ म्हणजे सुमारे २२० हर्ट्झ. याच्या खालचे स्वर हा भोंगा नीट देऊ शकणार नाही. म्हणूनच भोंग्यावर भजन लावले, की टाळ कडक ऐकू येतात, पण डग्ग्याचा घुमारा हरवतो. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ७० हर्ट्झचा असतो. तो मूळ स्वर तर भोंग्यातून जवळजवळ येतच नाही.

४० हर्ट्झपर्यंत उतरायचे असेल तर? तरंगलांबी साडेआठ मीटरच्या वर जाते आणि तोंडाचा व्यास पावणेतीन मीटर लागतो! एवढा कर्णा घरात ठेवायचा कुठे?

यावर अमेरिकेतल्या पॉल क्लिप्श या अभियंत्याने १९४० च्या दशकात सुंदर उत्तर काढले. कर्णा खोलीच्या कोपऱ्यात ठेवला, तर दोन भिंती आणि जमीन मिळून ध्वनीला पसरायला एक अष्टमांश जागाच उरते. म्हणून तोंडाचे क्षेत्रफळही एक अष्टमांश पुरते. वरच्या उदाहरणात ते सुमारे ५.९ चौरस मीटरवरून ०.७४ चौरस मीटरवर येते. शिवाय त्याने कर्ण्याच्या घड्या घालून तो लाकडी पेटीत बसवला आणि कोपऱ्याच्या भिंतींनाच कर्ण्याचा शेवटचा भाग बनवले. त्याने १९४६ साली कंपनी काढली. सुमारे सव्वाचार फूट उंचीचा हा 'क्लिप्शहॉर्न' पुढे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ बनत राहिला.

मग घरोघरी कर्णे का नाहीत?

१९२५ साली राइस आणि केलॉग यांनी कर्ण्याशिवाय चालणारा, कागदी पडद्याचा स्पीकर मांडला. १९५४ साली एडगर विलचर यांनी लहान बंद पेटीतूनही खर्ज काढून दाखवला. १९५८ साली स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि एका पेटीऐवजी दोन पेट्या लागू लागल्या. पुढे ट्रान्झिस्टरमुळे अँप्लिफायरची ताकद स्वस्त झाली. ऊर्जा वाया गेली तरी चालेल, पण पेटी लहान हवी, असा हिशेब लोकांनी केला. शहरातल्या घरांसाठी तो चुकीचाही नव्हता.

घरात आणताना काय पाहावे?

पहिली गोष्ट खोली. तीन बाय साडेतीन मीटरच्या खोलीत मोठे कर्णे लावले, तर ऐकणारा त्यांच्या अगदी जवळ बसतो. मग खर्जाचा कर्णा वेगळा, तीव्र स्वरांचा वेगळा, असे तुकडे ऐकू येतात. तीन-चार मीटर अंतर मिळाले तर ते एकजीव होतात. कोपऱ्यात ठेवायचे कर्णे असतील, तर दोन कोपरे मोकळे हवेत. तिथे दार किंवा कपाट चालणार नाही.

दुसरी गोष्ट अँप्लिफायर. साधा स्पीकर एका वॅटला एक मीटरवर साधारण ८८ डेसिबल आवाज देतो, तर मोठा कर्णा १०५ डेसिबलपर्यंत. फरक १७ डेसिबलचा, म्हणजे ऊर्जेत सुमारे पन्नास पट. म्हणून तीन-चार वॅटचा व्हॉल्व्हचा अँप्लिफायरही इथे पुरतो. पण अँप्लिफायरची बारीक खरखर आणि विजेची घरघरही तितकीच मोठी होते. आमच्या मित्राचा जुना अँप्लिफायर गाणे नसतानाही सतत फुसफुसत होता. तो शेवटी बदलावा लागला.

तिसरी गोष्ट स्वतःचे कान. ओळखीच्या माणसाचे बोलणे ध्वनिमुद्रित करून न्या आणि त्या कर्ण्यावर ऐका. बोलणे हाताची ओंजळ तोंडाशी धरल्यासारखे वाटले, तर किंमत कितीही कमी असो, तो कर्णा घेऊ नका.

गोड आवाजाचा धोका

आता सर्वांत महत्त्वाचे. पहिल्या रविवारी आम्ही तीन तास गाणी ऐकली. आवाज इतका स्वच्छ होता, की तो मोठा आहे हे कुणालाच जाणवले नाही. उठलो तेव्हा दोघांच्या कानात शिट्टी वाजत होती. रात्रीपर्यंत ती थांबली नाही.

असे का झाले? लहान स्पीकर मोठ्याने लावला, की तो फाटका वाजतो आणि आपण आपोआप आवाज कमी करतो. कर्ण्याचा पडदा जेमतेम हलतो, म्हणून आवाज फाटत नाही. धोक्याची सूचना देणारी घंटाच तिथे नसते! कानातल्या संवेदक पेशी मात्र आवाज गोड आहे की कर्कश, हे पाहत नाहीत. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास ही मर्यादा मानली जाते आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास. या पेशी मेल्या तर पुन्हा उगवत नाहीत.

आमची शिट्टी दुसऱ्या दिवशी थांबली. मित्राने मोबाइलवरच्या ध्वनिमापकाने अंदाज घेऊन अँप्लिफायरच्या बटणाशी लाल रंगाची खूण केली. बसण्याच्या जागी ७५ डेसिबलच्या आसपास आवाज होतो, तिथे. रात्री दहानंतर खर्ज शेजाऱ्यांच्या भिंतीतून जातो, म्हणून तेव्हा यंत्र बंद. गंमत अशी, की त्या खुणेवर कर्ण्याला एका वॅटच्या शंभराव्या भागाहूनही कमी वीज लागते, आणि तंबोऱ्याची जवारी तेव्हाच सर्वांत छान ऐकू येते.

वर्गात करून पाहा

मोबाइलवर गाणे लावा आणि ठरावीक अंतरावरून ऐका. मग जाड कागदाचा शंकू करून त्याचे अरुंद तोंड मोबाइलच्या आवाजाच्या छिद्राशी धरा. आधी लहान तोंडाचा शंकू, मग मोठ्या तोंडाचा. कोणते स्वर वाढले, कोणते तसेच राहिले, हे मुलांना लिहू द्या. नंतर तो शंकू भिंतीच्या कोपऱ्यात नेऊन काय होते ते पाहा. आणि शेवटी एकच प्रश्न विचारा: कागदाने ऊर्जा दिली नाही, तर ती आधी कुठे जात होती?