संगणकाची आदान व प्रदान साधने आणि सातबाऱ्यावरील पीकनोंद

ठाणे जिल्ह्यातील शहापूर, मुरबाड, कल्याण, भिवंडी व अंबरनाथ या तालुक्यांत भात हे खरिपाचे मुख्य पीक असून वरकस जमिनीत नागली व वरी घेतली जाते. या पिकांची नोंद पूर्वी तलाठी गाव नमुना बारामध्ये हाताने करीत असत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर करावयाची पद्धत आली. आधारभूत किमतीने भात विकण्यासाठी नाव नोंदविताना सातबाऱ्यावरील हीच नोंद पाहिली जाते. ती चुकली तर पिकविलेले भात घरात असूनही कागदावर जमीन पड दिसते. सबब, ज्या यंत्राद्वारे ही नोंद होते त्याचे कार्य कसे चालते, हे शेतकऱ्यास व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

आदान व प्रदान म्हणजे काय?

शेतीत बियाणे, खत व पाणी यांना आपण निविष्ठा म्हणतो आणि खळ्यावर येते ते उत्पन्न. संगणकाचेही तसेच आहे. त्यास माहिती पुरविणाऱ्या साधनांना आदान साधने म्हणतात. कळफलक, माउस, स्पर्शपडदा, कॅमेरा व बोटाचा ठसा घेणारे यंत्र ही त्यांची उदाहरणे होत. झालेले काम आपणांस दाखविणारी साधने ती प्रदान साधने. उदाहरणार्थ, पडदा, प्रिंटर व ध्वनिक्षेपक. मोबाईल हाही एक लहान संगणकच असून त्याचा पडदा आदान व प्रदान अशी दोन्ही कामे करतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या ‘टिफरॅक’ या संगणकास कागदी फितीवर भोके पाडून माहिती पुरवीत असत. साधने बदलली, परंतु नियम तोच राहिला. प्रत्येक आदान साधन हे अक्षर, चित्र वा स्पर्श यांचे आकड्यांत रूपांतर करते आणि संगणक केवळ आकडेच जाणतो. शेतात प्रत्यक्ष काय उभे आहे, हे त्यास दिसत नाही. पेरावे तसे उगवते, हा न्याय येथेही लागू आहे.

कळफलक

कळफलकाच्या कळांखाली विद्युतवाहक रेषांचे आडवे-उभे जाळे असते. कळ दाबताच एक आडवी व एक उभी रेषा जोडली जाते, आणि कोणत्या ठिकाणी जोड झाली हे आतील लहान यंत्र क्षणार्धात ओळखते. त्या कळेचे जे अक्षर, त्याचा ठराविक क्रमांक संगणकात नोंदला जातो. युनिकोड या जागतिक पद्धतीत ‘क’ या अक्षराचा क्रमांक २३२५ आहे. ऱ्हस्व वेलांटीचा क्रमांक २३६७ व दीर्घ वेलांटीचा २३६८ आहे. म्हणून ‘हरि’ व ‘हरी’ ही आपल्या दृष्टीने एकाच माणसाची नावे असली तरी यंत्राच्या दृष्टीने ती दोन निरनिराळी ठरतात. आधारपत्रावरील व सातबाऱ्यावरील नाव जुळत नाही अशी तक्रार येते, तिचे मूळ पुष्कळदा येथे असते.

आकड्यांच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. क्षेत्र हेक्टर व आर यांत भरावयाचे असते. १०० आर म्हणजे १ हेक्टर, आणि सुमारे ४० आर म्हणजे १ एकर. एक एकर भातासाठी ०.४० लिहावयाचे तेथे ०.०४ लिहिले गेले, तर यंत्र ते निमूटपणे स्वीकारते आणि एकराची नोंद चार गुंठ्यांवर येते.

स्पर्शपडदा व कॅमेरा

मोबाईलच्या काचेखाली विद्युतवाहक द्रव्याचा पारदर्शक थर असतो. मनुष्याचे शरीर विद्युतवाहक असल्याने बोट टेकताच त्या ठिकाणच्या विद्युतभारात सूक्ष्म फरक पडतो, व त्यावरून स्पर्शाची जागा कळते. पावसाचे पाणीही विद्युतवाहकच. पडद्यावर थेंब पडले असता यंत्र त्यासही बोट समजते व नको ते नाव निवडले जाते. खरिपाची पाहणी नेमकी पावसाळ्यातच करावयाची असल्याने मोबाईल व बोट कोरड्या फडक्याने पुसून मगच नोंदीस आरंभ करावा.

कॅमेऱ्यात भिंगामागे लक्षावधी सूक्ष्म प्रकाशग्राही ठिपके असतात. प्रत्येक ठिपका स्वतःवर पडलेल्या प्रकाशाचे मोजमाप करतो आणि त्या आकड्यांचेच छायाचित्र बनते. भिंगावर पाणी वा चिखल असल्यास हे मोजमाप बिघडते व भात की गवत हे ओळखता येत नाही.

उपग्रहावरून स्थाननिश्चिती

छायाचित्र कोठे घेतले हे मोबाईल उपग्रहांच्या संदेशांवरून ठरवितो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश पोहोचण्यास लागलेल्या वेळावरून मोबाईल आपले स्थान काढतो. कल्याण-डोंबिवलीच्या वाढत्या वस्तीलगतच्या शेतांत हे संदेश उंच इमारतींवर आदळून वळणाने येतात, आणि स्थान काही मीटरांनी सरकते. मुरबाड-शहापूरकडे डोंगराच्या कुशीत आकाशाचा बराच भाग झाकला जाऊन हीच अडचण येते. यास्तव बांधावर वा झाडाखाली उभे न राहता खाचराच्या मध्याजवळ, मोकळ्या आकाशाखाली थोडे थांबावे आणि स्थान स्थिर झाल्यावरच छायाचित्र घ्यावे.

बोटाचा ठसा

ठसा घेणारे यंत्र बोटावरील रेषांच्या उंचसखलपणाचे चित्र घेऊन ते पूर्वी नोंदलेल्या ठशाशी ताडून पाहते. लावणी, बेणणी व कापणी करणाऱ्या हातांवरील रेषा झिजतात. चिखलपाण्याने त्वचा सुरकुतते. यंत्राने ठसा नाकारला म्हणजे माणूस खोटा ठरत नाही. हात धुऊन, कोरडे करून दुसरे बोट लावून पाहावे. आधार नोंदणीत दहाही बोटांचे ठसे व दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची चित्रे घेतलेली असतात. म्हणून बुबुळ किंवा मोबाईलवर येणारा संकेतांक हे पर्याय जेथे उपलब्ध असतील तेथे ते सुचविणे हे कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.

पडदा व प्रिंटर

प्रदान साधनांपैकी पडद्यावर तांबडे, हिरवे व निळे असे असंख्य ठिपके कमीअधिक उजळून अक्षरे उमटतात. भर उन्हात हा प्रकाश फिका पडतो. छायाचित्र शेतात घ्यावे. परंतु नोंद पक्की करण्यापूर्वी सावलीत येऊन ती वाचावी.

आपले सरकार सेवा केंद्रात बहुधा लेझर प्रिंटर असतो. त्यातील विद्युतभारित रुळावर प्रकाशकिरणाने अक्षरे रेखली जातात, त्या जागी शाईची भुकटी चिकटते व उष्णतेने ती कागदावर वितळून पक्की होते. म्हणूनच कागद गरम बाहेर येतो. भुकटी संपत आली की अक्षरे पुसट उमटतात व दशांशचिन्ह नाहीसे होण्याचा संभव असतो. अशी प्रत स्वीकारू नये. मात्र हेही ध्यानात ठेवावे की, सुबक छपाई ही अचूकतेची खूण नव्हे. प्रिंटर आत असलेलीच नोंद छापतो. आत चूक असेल तर तीही तितक्याच सुबकपणे छापतो.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

१. नोंदीपूर्वी शेतकऱ्याचा सातबारा हाती घेऊन खाते क्रमांक, गट क्रमांक व नाव ताडून पाहावे.

२. पीक, क्षेत्र व हंगाम शेतकऱ्यास मोठ्याने वाचून दाखवावे व त्याची संमती घेऊनच नोंद पाठवावी. ज्यास वाचता येत नाही त्याच्या बाबतीत हे विशेष कटाक्षाने करावे.

३. भाताबरोबर वरकस जमिनीतील नागली-वरी व बांधावरील फळझाडे नोंदविण्याचे राहून जाऊ नये.

४. चूक आढळल्यास दुरुस्तीसाठी दिलेल्या मुदतीतच ती दुरुस्त करावी. मुदत टळल्यास तलाठी, म्हणजे हल्लीचे ग्राम महसूल अधिकारी, यांस लेखी कळवावे.

५. हंगाम संपण्यापूर्वी सातबाऱ्याची प्रत काढून नोंद चढली आहे की नाही, याची खात्री करावी.

चांगला शेतकरी बियाणे निवडून घेतल्यावाचून पेरणी करीत नाही आणि धान्य पाखडल्यावाचून कणगीत भरीत नाही. नोंद देताना एकदा व छापील प्रत घेताना एकदा, अशी दोन वेळा तपासणी केल्यास आपल्या श्रमाचे पीक कागदावरही शाबूत राहील.