मारक पेशींचे कण आणि न उतरणारा ज्वर

सायटोटॉक्सिक टी-पेशी व नॅचरल किलर पेशी विषाणुग्रस्त पेशीला गिळत नाहीत. तिला बिलगून संपर्कस्थानी विषारी कण रिते करतात. या कणांत परफोरिन व ग्रॅन्झाइम ही प्रथिने असतात. कणातील आम्लतेत परफोरिन निष्क्रिय राहते. बाहेर पडून कॅल्शियमशी संयोग होताच ते लक्ष्यपेशीच्या आवरणास छिद्रे पाडते. त्यांतून आत शिरलेले ग्रॅन्झाइम कॅस्पेज विकरे जागृत करून त्या पेशीस आत्मनाश करावयास लावते.

हे शस्त्र बोथट झाल्यास व्याधिक्षमत्व केवळ उणावेल, असा आपला तर्क. घडते उलटेच. लक्ष्य मरत नाही म्हणून संपर्क सुटत नाही. इंटरफेरॉन-गॅमा स्रवत राहते आणि मॅक्रोफेज बेफाम होऊन स्वतःच्याच रक्तपेशी गिळू लागतात. अर्भकांतील अशा आनुवंशिक विकारामागे परफोरिनच्या जनुकातील दोष असू शकतो, हे १९९९ मध्ये उलगडले. डेंग्यू, स्क्रब टायफस वा काळा आजार यांच्या पाठोपाठ मोठ्यांतही हा विकार (एचएलएच) उद्भवतो.

तेव्हा वैद्यबंधूंनी, आणि ‘प्रतिकारशक्तिवर्धक’ कल्प सरसकट हाती देणाऱ्या औषधविक्रेत्यांनीही, सप्ताहभर न हटणारा ज्वर, प्लीहावृद्धी व घटत्या रक्तपेशी एकत्र दिसताच सीरम फेरिटिनचा विचार करावा. ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर वा अधिक, हा २००४ च्या निकषांपैकी एक. प्रत्यक्षात आकडा हजारोंत जातो. असा रुग्ण त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात धाडावा. तेथे डेक्सामेथासोन, प्रसंगी एटोपोसाइड देऊन खवळलेले व्याधिक्षमत्व आधी शमवावे लागते.