चढावर दम लागतो? आधी फ्रीव्हील बदला

धार/देवास : देवासच्या कारखान्यांत पाळीला किंवा धारमध्ये कामाला सायकलने जाणारा माणूस गुडघे दुखले की गिअरच्या सायकलची किंमत विचारतो. खरं तर जुनी काळी सायकलच आपल्या मापाची करून घेता येते.

पुढे 44 आणि मागे 18 दात असले, तर पायडलच्या एका फेरीत 28 इंची चाक साधारण साडेपाच मीटर जातं. मागे 22 दातांचं फ्रीव्हील बसवलं की तेच साडेचार मीटरवर येतं. वेग घटतो, पण चढ हलका होतो. चेन मात्र थोडी वाढवावी लागते.

सीटही बघा. टाच पायडलवर ठेवली की खालच्या टोकाला पाय सरळ व्हायला हवा. सीट खाली असेल तर ताण गुडघ्यावरच.

पावसाळ्यात माळव्याची काळी माती मडगार्डमध्ये गच्च बसते. तिथं बोटभर फट ठेवायला मिस्त्रीला आधीच सांगा.