इन्सुलिनचे पेन: पहिल्या काही आठवड्यांत

इन्सुलिनचे पेन दिसायला जुन्या, जाडसर शाईपेनासारखे असते. टोपण काढले की पुढच्या टोकाला सुई बसवायचे आटे असतात. मागे फिरवायची चकती, चकतीशेजारी आकडा दाखवणारी छोटी खिडकी आणि सर्वांत शेवटी दाबायचे बटण. शाईच्या जागी ३ मिलिलिटरची काचेची नळी असते. तिला कार्ट्रिज म्हणतात. नेहमीच्या पेनातल्या या नळीत ३०० युनिट इन्सुलिन मावते. चकती फिरवून हवा तेवढा आकडा खिडकीत आणायचा, सुई टोचायची, बटण दाबायचे, एवढेच काम वरवर दिसते. पण या प्रत्येक पायरीमागे एक कारण आहे. कारण कळले नाही तर पायरी गाळली जाते, आणि मग डोस बरोबर असूनही शुगर आटोक्यात का येत नाही, याचा उलगडा घरात कोणालाच होत नाही.

इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे लागला. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले. त्यानंतरची साठएक वर्षे इन्सुलिन म्हणजे बाटली आणि सिरिंज असेच समीकरण होते, आणि त्यातली बरीच वर्षे ती सिरिंज काचेची, घरच्या पातेल्यात उकळून घ्यायची असे. १९८५ मध्ये डेन्मार्कच्या नोवो कंपनीने पहिले पेन बाजारात आणले. आज दोन प्रकारची पेने मिळतात. एकात कार्ट्रिज संपले की नवे घालता येते; दुसरे भरलेलेच येते आणि संपल्यावर टाकून द्यायचे असते.

टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. तिथे इन्सुलिन पहिल्या दिवसापासून लागते आणि त्याला पर्याय नाही. टाइप २ मध्ये गोळ्या पुऱ्या पडेनाशा झाल्या की ते सुरू होते. निदानाच्या वेळीच शुगर फार चढलेली असेल तरीही डॉक्टर इन्सुलिन देतात. अशा रुग्णांपैकी काहींचे ते काही आठवड्यांनी थांबवताही येते. म्हणून ‘इन्सुलिन म्हणजे आजार शेवटाला आला’ किंवा ‘एकदा घेतले की सवय लागते’ ही समजूत चुकीची आहे, आणि घातकही. तिच्यापायी माणसे महिनोन्महिने टाळाटाळ करतात. तेवढ्या काळात डोळ्यांच्या आणि मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांचे नुकसान होत राहते.

भारतात सर्वांत आधी समजून घ्यायला हवी ती इन्सुलिनची तीव्रता. औषधाच्या दुकानात बाटलीतून मिळणारे इन्सुलिन इथे बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते. त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनातले इन्सुलिन मात्र मिलिलिटरला १०० युनिटचे, म्हणजे अडीचपट तीव्र असते. बाटलीवरून पेनावर येणाऱ्याला यासाठी कसलाही हिशेब करावा लागत नाही. वीस युनिटचा डोस पेनातही वीसच युनिट. किती थेंब लागतील ते पेनाची यंत्रणा मोजते. घोटाळा होतो तो पेन बिघडल्यावर. रात्री बटण अडकते, दुकाने बंद झालेली असतात, घरात लाल टोपणाची सिरिंज सापडते आणि कोणीतरी कार्ट्रिजच्या रबरातून इन्सुलिन ओढून घेतो. त्या सिरिंजवर २० च्या खुणेपर्यंत ओढले तर अर्धा मिलिलिटर येते, आणि पेनाच्या इन्सुलिनमध्ये अर्धा मिलिलिटर म्हणजे ५० युनिट! हा डोस जिवावर बेतू शकतो. काही पेनांत तर ३०० युनिट तीव्रतेचे इन्सुलिनही येते. म्हणून पेनातले इन्सुलिन सिरिंजने काढायचेच नाही, हा नियम घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवा. कपाटात एक जादा पेन असले की अशी वेळच येत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आकड्यापुढे नुसते इंग्रजी ‘यू’ असेल तर ते शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० वाचले जातात. तिथे ‘युनिट’ हा पूर्ण शब्द लिहून मागण्यात संकोच करू नये.

दुसरा घोळ दोन पेनांचा. जेवणापूर्वीचे जलद इन्सुलिन दहा-पंधरा मिनिटांत काम सुरू करते आणि तीन ते पाच तासांत ओसरते. दिवसातून एकदा घ्यायचे दीर्घकालीन इन्सुलिन चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ संथपणे काम करते. एकाच कंपनीची दोन्ही पेने एकसारखी दिसतात. झोपताना दीर्घकालीनच्या जागी जलद इन्सुलिनचे पेन हाती आले तर मध्यरात्री शुगर कोसळते. नजर अधू असलेल्यांनी एका पेनाला रबरबँड गुंडाळून ठेवला, तर अंधारातही फरक बोटांना कळतो. तिसरा प्रकार मिश्र इन्सुलिनचा. ते दुधाळ दिसते, कारण त्यातला एक भाग पाण्यात न विरघळता तळाशी बसतो. असे पेन दोन तळव्यांमध्ये दहा वेळा लाटायचे आणि दहा वेळा हळूच उलटसुलट करायचे. घुसळायचे नाही, फेस येतो. नीट न मिसळलेल्या पेनातून एक दिवस पातळ, दुसऱ्या दिवशी दाट इन्सुलिन मिळते. स्वच्छ, पारदर्शक इन्सुलिनला ढवळण्याची गरज नसते. ते गढूळ दिसू लागले तर मात्र फेकून द्यावे.

आता सुई. पेनाच्या सुईला दोन टोके असतात. मागचे टोक कार्ट्रिजचे रबर भेदते, पुढचे त्वचेत जाते. पुढच्या टोकावर एकात एक अशी दोन झाकणे असतात. बाहेरचे मोठे काढतात, आतले बारीक झाकण नवख्याच्या लक्षातच येत नाही. ते तसेच ठेवून पेन पोटावर दाबले तर सगळे इन्सुलिन झाकणातच राहते. हसण्यासारखी वाटली तरी ही चूक खरोखर घडते, आणि त्या रुग्णाचा डोस उगाचच वाढवला जातो. लांबीबाबत आज ४ मिलिमीटरची सुई सर्वांना पुरेशी मानतात. माणूस सडपातळ असो की स्थूल, त्याच्या त्वचेची जाडी साधारण दोन-अडीच मिलिमीटरच असते. स्थूल माणसात वाढते ती खालची चरबी. इन्सुलिन त्या चरबीत सोडायचे असते. लांब सुईने ते स्नायूत गेले तर भराभर शोषले जाते आणि शुगर अवेळी उतरते. चार मिलिमीटरची सुई सरळ, काटकोनात टोचायची. लहान मुलांनी आणि अगदी किडकिडीत माणसांनी त्वचेची हलकी चिमूट धरावी.

सुई बसवल्यावर दोन युनिटचा आकडा लावून, पेन उभे धरून, हवेत बटण दाबायचे. सुईच्या टोकावर थेंब दिसला म्हणजे वाट मोकळी आहे. दिसला नाही तर पुन्हा करायचे. दोन युनिट वाया जातात म्हणून पुष्कळजण हे टाळतात, पण सुईत हवा असेल किंवा सुई तुंबलेली असेल तर डोसातले किती युनिट बुडाले हे कळायला मार्गच उरत नाही. मग खरा डोस लावायचा आणि सुई पूर्ण आत गेल्यावर बटण शून्यापर्यंत दाबायचे. शून्य दिसले की काम संपले असे नाही. सुईचे भोक केसाएवढे असल्याने इन्सुलिन बाहेर पडायला वेळ लागतो. अंगठा बटणावर तसाच ठेवून मनात सावकाश दहा अंक मोजायचे आणि मगच सुई काढायची. घाईने काढली तर टोकातून टपटपणारे थेंब हे न मिळालेल्या औषधाचे असतात.

टोचण्यासाठी पोट, मांडीची बाहेरची बाजू, नितंब आणि दंडाची मागची बाजू वापरतात. बेंबीभोवतीचा भाग सोडायचा. एक जागा कमी दुखते म्हणून माणूस रोज तिथेच टोचतो, आणि काही महिन्यांत तिथे मऊ रबरासारखी गाठ तयार होते. तिथे संवेदना कमी असल्याने सुई आणखीच कमी दुखते, म्हणून तीच जागा आणखी आवडती होते. गाठीतून इन्सुलिन कधी कमी तर कधी अचानक जास्त शोषले जाते, आणि शुगरचे आकडे कारण नसताना वरखाली उडू लागतात. पोटाचे मनाने चार भाग करावेत, आठवडाभर एकच भाग वापरावा आणि त्यातही कालच्या जागेपासून बोटभर अंतर ठेवावे. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी तळव्याने पोट चाचपून पाहिले तर गाठ लवकर हाताला लागते. गाठ सोडून निरोगी जागी टोचू लागल्यावर तोच डोस जास्त लागू पडतो, म्हणून हा बदल डॉक्टरांना सांगूनच करावा.

न उघडलेली पेने फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवतात, पण बर्फाच्या कप्प्यापासून दूर. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी निकामीच. वापरातले पेन बाहेर, ३० अंशांच्या आत चालते. थंडगार इन्सुलिन टोचताना झोंबते. विदर्भात एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा ‘बाहेर’ या शब्दाचा अर्थ बदलतो. फ्रिज नसेल किंवा वीज जात असेल, तर झाकण असलेली बरणी माठाच्या ओल्या वाळूत ठेवून तिच्यात पेन ठेवता येते. उन्हात उभ्या गाडीत, एसटीच्या खिडकीशी, स्वयंपाकघरात शेगडीजवळ पेन राहू देऊ नये. बहुतेक पेने वापरायला काढल्यापासून २८ दिवस चालतात, काही त्याहून जास्त. नेमका आकडा खोक्यातल्या माहितीपत्रकात असतो. रोज वीस युनिट घेणाऱ्याचे, तपासणीचे दोन धरून, एक कार्ट्रिज तेरा दिवसांत संपते. सहाच युनिट घेणाऱ्याचे मात्र ३७ दिवस पुरेल, आणि तिथेच मुदत उलटते. म्हणून वापर सुरू केल्याची तारीख पेनावर लिहावी.

इन्सुलिनसोबत शुगर उतरण्याची शक्यता येतेच. ७० च्या खाली गेली की दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, भूक लागते, कधी माणूस विनाकारण चिडतो. लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून प्यावे, पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा मोजावी, अजून कमी असेल तर पुन्हा तेच करावे. पेढा किंवा चॉकलेट इथे उपयोगी नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. एकादशी-चतुर्थीचा उपवास करायचा असेल तर डोस किती बदलायचा हे आधीच विचारून ठेवावे. टाइप १ असलेल्याने उपवास असो की उलट्या-तापाचा दिवस, दीर्घकालीन इन्सुलिन स्वतःहून कधीही बंद करू नये.

एक पेन एकाच माणसाचे. सुई बदलली तरी ते दुसऱ्याने वापरायचे नाही, कारण टोचताना रक्ताचा सूक्ष्म अंश कार्ट्रिजमध्ये मागे जाऊ शकतो. नवरा-बायको दोघांनाही एकच इन्सुलिन चालू असेल तरी पेने दोन आणि त्यांवर नावेही दोन हवीत. सुई पेनावर लावून ठेवली तर उष्णतेच्या चढउतारात इन्सुलिन गळते आणि हवा आत शिरते, म्हणून ती प्रत्येक वेळी काढायची. वापरलेली सुई बाहेरचे मोठे झाकण लावून फिरवून काढावी आणि जाड प्लॅस्टिकच्या झाकणबंद डब्यात टाकावी. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत घरी वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात मोडल्या. त्या उघड्या टाकल्या की घंटागाडीवर कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हातात घुसतात. डबा तीन-चतुर्थांश भरला की चिकटपट्टीने बंद करावा, त्यावर ‘वापरलेल्या सुया’ असे मोठ्या अक्षरांत लिहावे आणि तो रुग्णालयात किंवा पालिकेच्या घातक कचरा केंद्रावर द्यावा.