मेंढ्यांच्या वाटेवर सायकल

पूर्व स्पेनच्या तेरुएल प्रांतात, आल्बारासीनच्या डोंगरांत सकाळी आठला सायकलवर टांग टाकावी आणि अकरापर्यंत एकही मोटार दिसू नये, असं सहज घडतं. या प्रांतात दर चौरस किलोमीटरला जेमतेम ९ माणसं राहतात. आपल्याकडं विरळ वस्तीचा जिल्हा म्हणून ज्याचं नाव घेतो त्या गडचिरोलीतही २०११ च्या जनगणनेत हा आकडा ७४ होता. पण माणसं कमी म्हणून रस्ता शांत, एवढ्यावर हे भागत नाही. ओसाड मुलखातल्या वाटा दहा-वीस वर्षांत झुडपं गिळून टाकतात. इथल्या टिकल्या, कारण त्या मेंढ्यांसाठी राखून ठेवल्या होत्या.

स्पेनमध्ये उन्हाळ्यात डोंगरावर आणि हिवाळ्यात दक्षिणेच्या उबदार कुरणांत कळप नेण्याची रीत फार जुनी. कॅस्टीलचा राजा दहावा आल्फोन्सो यानं १२७३ मध्ये मेंढपाळांच्या ‘मेस्ता’ या संघाला राजमान्यता दिली आणि कळपांच्या वाटांना संरक्षण मिळालं. त्यातली सर्वांत मोठी वाट म्हणजे ‘कान्यादा रेआल’, राजाची वाट. तिची रुंदी ९० ‘वारा’ (जुनं स्पॅनिश माप), म्हणजे सुमारे ७५ मीटर. तिच्या निम्म्या रुंदीची ती कोर्देल आणि साधारण २० मीटरची ती बेरेदा. मेस्ता १८३६ मध्ये बरखास्त झाली, वाटा मात्र उरल्या. १९९५ च्या कायद्यानं त्या सार्वजनिक मालमत्ता ठरवल्या. चालणं, घोडेस्वारी आणि बिनइंजिनाची वाहनं यांना तिथं मुभा आहे, पण एका अटीवर: पहिला हक्क जनावरांच्या वाटचालीचा. सायकलवाल्यानं हे एक कलम मनात पक्कं ठेवलं की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

चढाचंच घ्या. मेंढीला चारा आणि पाणी हवं, चढ किती याची तिला फिकीर नसते. त्यामुळं कान्यादा डोंगराला वळसा न घालता सरळ सोंडेवर चढते आणि मग माथ्यावरून मैलोन् मैल पसरत जाते. पहिला अर्धा तास छाती फुटेस्तोवर दम काढणारा, नंतरचे दोन तास गवत, वारा आणि आकाश. म्हणून इथं हलका गिअर लागतोच. पुढची चकती मागच्या मोठ्यात मोठ्या चकतीपेक्षा लहान असेल, तर सामानासह चढ निभतो. ज्यांना अशी सुरुवात नको त्यांनी जुन्या रेल्वेच्या मार्गानं जावं. ओहोस नेग्रोसच्या लोखंडाच्या खाणींपासून सागुन्तोच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे २०० किलोमीटरची रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली आणि १९७२ मध्ये बंद पडली. तिचे रूळ काढून आता तिथं सायकलवाट केली आहे. खनिजानं भरलेल्या गाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळं चढ सौम्य आहेत, आणि तेरुएलहून एस्कांदोनची खिंड ओलांडली की समुद्रापर्यंत बहुतेक उतारच.

आता टायर, कारण या प्रवासाचं सुख निम्म्याहून अधिक तिथंच ठरतं. वाट म्हणजे कुठं मुरूम, कुठं चुनखडीचे टोकदार खडे, कुठं ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. डांबरी रस्त्यावरची टायर कडक फुगवायची सवय इथं घात करते. कडक टायर प्रत्येक खड्याबरोबर सायकल आणि स्वाराला वर उचलतं. ती ताकद पुढं जाण्यात न लागता आपल्या मनगटांत आणि कमरेत जिरते. मऊ टायर खड्याभोवती दबतं आणि चाक सरळ पुढं जातं. ४५ मिलिमीटर रुंदीचं ट्यूबलेस टायर आणि सत्तर किलोचा स्वार असेल, तर ३० ते ३५ पीएसआय हवा पुरते. सामान असेल तर मागच्या चाकात थोडी जास्त. ट्यूब नसल्यानं हवा कमी असली तरी ती रिमखाली चिमटून फाटण्याचा प्रश्न येत नाही, आणि काटा घुसला तर आतलं सीलंट भोक बुजवतं. मी उताराच्या आधी थांबून अंगठ्यानं दोन्ही चाकं दाबून बघतो. टायर किंचित दबावं, रिम बोटाला लागू नये.

पण पावसापुढं कुठलंच टायर चालत नाही. इथल्या लाल चिकणमातीवर सर पडली की दहा-बारा फेऱ्यांत चाक आणि चिमट्यामधली फट गच्च भरते आणि चाक फिरायचंच थांबतं. ढकलूनही सायकल हलत नाही, खांद्यावर घ्यावी लागते. अशा वेळी काडीनं माती उकरत बसण्यापेक्षा गवताचा काठ धरावा, नाहीतर सरळ डांबरी रस्ता गाठावा. ऊन पडलं तर अर्ध्या दिवसात वाट पुन्हा चालती होते.

केव्हा जावं, याचं उत्तर मेंढ्यांच्या पंचांगातच आहे. ग्वादालाव्हियार, ग्रिएगोस या दीड हजार मीटरच्या वरच्या गावांतले काही कळप आजही नोव्हेंबरमध्ये चालत दक्षिणेला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ते खाली असतात तेव्हा वर बर्फ आणि बोचरी थंडी असते, सायकलीचं तिथं काम नाही. जून आणि सप्टेंबर उत्तम. नकाशासाठी स्पेनच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेचे १:२५,००० नकाशे मोफत मिळतात. कान्यादा त्यांत नावानिशी सापडतात. मात्र नकाशावर रेघ आहे म्हणून जमिनीवर वाट असेलच असं नाही. कित्येक ठिकाणी ती नांगराखाली गेली आहे.

पाणी गावच्या चौकातल्या कारंज्यावर भरावं. ‘नो पोताब्ले’ लिहिलेलं असेल तर ते पिण्याजोगं नाही. दुपारी दोन ते पाच दुकानं बंद असतात आणि लहान गावात दुकान नसतंच, तेव्हा पाव आणि चीज पिशवीत हवंच. वाटेतलं फाटक जसं सापडलं तसंच ठेवून पुढं जावं, उघडं तर उघडं, बंद तर बंद.

आणि कुत्री. कळपाबरोबर मास्तीन असतात, साठ-सत्तर किलोचे, लांडग्यांपासून राखण करणारे. जुन्या काळी त्यांच्या गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा असे. हे कुत्रं पाळत ठेवून धावत येतं, भुंकतं आणि बरोबर तुमच्या आणि मेंढ्यांच्या मध्ये उभं राहतं. त्याला तुमच्यावर हल्ला करायचा नसतो, त्याला अंतर हवं असतं. पळालात तर ते पाठलाग करणारच. खाली उतरा, सायकल आपल्या आणि त्याच्यामध्ये धरा, शांत आवाजात काहीतरी बोला, मराठीत बोललं तरी चालतं. आवाजावरून हा माणूस आहे हे त्याला कळतं. मग पायी लांबून वळसा घ्या. ७५ मीटर रुंदीत तेवढी जागा असते. मेंढपाळ दिसला तर हात वर करून ‘ब्वेनोस दियास’ म्हणा. तो शीळ घालतो, कुत्रं मागं फिरतं, घंटा वाजत कळप पुढं सरकतो. शेवटची मेंढी गेल्यावर धूळ खाली बसेपर्यंत थांबा, आणि मगच टांग टाका.