तिसरा बाण

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

माझ्या लहानपणी धुळ्याच्या आमच्या घरी हातिमताईचं एक पुस्तक होतं. उर्दूतलं, पुठ्ठा निखळलेलं, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. रात्री जेवणं उरकली की अब्बा ते घेऊन ओट्यावर बसायचे आणि गल्लीतली पोरं भोवती जमायची. निम्म्यांना उर्दू कळत नसे, म्हणून अब्बा एक वाक्य वाचायचे आणि लगेच ते अहिराणीत सांगायचे. हातिम दोन वाटांच्या फाट्यावर आला की पुस्तकात बोट घालून ते मिटायचे आणि विचारायचे, "आते काय करशी?" आम्ही भांडायचो. कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे. अब्बा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि पुस्तक उघडून पुढचं वाचायचे. हातिम जायचा तिथंच जायचा. आमच्या भांडणाचा त्याच्यावर कधीच परिणाम झाला नाही, आणि त्याचा मला फार राग यायचा.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी जळगावहून धुळ्याला आपाकडे गेलो होतो. रात्री बघतो तर भाचा आणि त्याचे चार मित्र जेवणाच्या टेबलाभोवती बसलेले, आणि भाचा विचारतोय, "आता काय करणार?" मी खुर्ची ओढून बसलो.

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली बाजारात आणला. यात कुणी कुणाला हरवत नाही. एकजण सूत्रधार होतो आणि प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर, आणि आपलं पात्र काय करणार ते तोंडाने सांगतात. जिथे यश येईल की नाही अशी शंका असते, तिथे वीस पैलूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर साधलं, लहान आला तर फसलं.

फासे पाहून आपा बिघडली. "माझ्या घरात फासे?" आमच्याकडे फाशांना चांगलं म्हणत नाहीत. आणि ज्यांनी द्यूतपर्व ऐकलंय त्या शेजारघरांतही काही फार चांगलं म्हणत नाहीत. भाच्याने परोपरीने समजावलं की यात पैसा नाही, पैज नाही. अमेरिकेतसुद्धा १९८०च्या दशकात काही धार्मिक मंडळींनी या खेळाला सैतानी ठरवून बरीच ओरड केली होती, हेही त्याने सांगितलं. त्याने आपाचं मत सुधारलं असेल असं मला वाटत नाही.

माझं लक्ष मात्र भाच्याच्या समोरच्या पातळ पुस्तकाकडे होतं. सूत्रधाराला दर वेळी नवी गोष्ट सुचेलच असं नाही, म्हणून तयार मोहिमा छापून मिळतात. त्यात नकाशे असतात, कुठल्या खोलीत काय दडलंय ते असतं, आणि चौकटीत छापलेला काही मजकूर असतो. तेवढाच खेळणाऱ्यांना वाचून दाखवायचा, बाकीचं सूत्रधाराने पोटात ठेवायचं. ही पुस्तकं मी त्या आठवड्यात चवीने वाचली. बी. ए.ला केलेलं इंग्रजी कामी आलं.

यातलं एक जुनं आणि बदनाम पुस्तक म्हणजे 'टूम ऑफ हॉरर्स'. गायगॅक्सने १९७५ साली एका स्पर्धेसाठी ही मोहीम रचली आणि १९७८ साली ती छापली गेली. एका मेलेल्या मांत्रिकाची कबर आणि तिच्यात पावलोपावली सापळे. भिंतीवर हिरव्या सैतानाचं तोंड आ वासून आहे. आत वाट असेल म्हणून जो शिरेल तो संपला, त्याची राखसुद्धा उरत नाही. सोबत चित्रांची एक पुस्तिका असते. खेळणाऱ्यांना चित्र दाखवायचं आणि गप्प बसायचं. रचना हुशार आहे, पण लिहिणारा माणसांवर रुसून बसलाय असं मला सारखं वाटत राहिलं.

'रॅव्हनलॉफ्ट' १९८३चं, ट्रेसी आणि लॉरा हिकमन या नवरा-बायकोने लिहिलेलं. रक्तपिपासू सरदाराचा डोंगरावरचा वाडा. त्यातली गंमत पत्त्यांत आहे. खेळ सुरू होताना पत्ते काढायचे आणि त्यावरून ठरतं की सरदार कुठे गाठ पडणार, त्याला मारायचं हत्यार कुठे लपलंय, आणि मुळात त्याच्या मनात काय आहे. पुस्तक तेच, पण दुसऱ्यांदा खेळाल तर गोष्ट वेगळी.

मला सगळ्यांत आवडलं ते मात्र 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स'. गायगॅक्सचंच, १९८०च्या सुमाराचं. नवशिक्यांच्या खोक्यात खेळासोबतच मिळायचं, त्यामुळे असंख्य मुलांची ही पहिली मोहीम. राज्याच्या हद्दीवर एक गड, पलीकडे रान आणि राक्षसांच्या गुहा. मला आमचा लळिंगच दिसला. फारुकी सुलतानांच्या काळात खानदेश तसाच होता, एकीकडे माळवा, दुसरीकडे गुजरात, खाली दख्खन. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. या पुस्तकात गडावरच्या माणसांना नावंच नाहीत. किल्लेदार, लोहार, खानावळवाला, बस. नावं सूत्रधाराने ठेवायची. एक गुहा तर लेखकाने जाणूनबुजून कोरी सोडलीय, तिच्यात काय आहे ते तुम्ही ठरवा म्हणून. मी कविता लिहिणारा माणूस, ओळ कुठे सोडून द्यायची याची मला रोज धास्ती असते. या गृहस्थाने आख्खी गुहा सोडून दिली.

मग मी भाच्याला हातिमची सातवी सफर सांगितली. हैदरबख्श हैदरींनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी ही कथा फारसीवरून उर्दूत आणली आणि त्याच शतकात ती मराठीतही आली, तेव्हा ती तुमच्यापैकी काहींच्या परिचयाची असेल. हुस्नबानूचे सात सवाल, शेवटचा हम्माम बादगर्दचा. कयूमर्स बादशहाने आपला हिरा राखायला बांधलेलं जादूचं हम्माम. आत पिंजऱ्यात पोपट, खुर्चीवर धनुष्य आणि तीन बाण, आणि भोवती दगड होऊन उभी असलेली माणसं, आधी येऊन नेम चुकलेली. पोपटाला बाण लागला तर जादू तुटेल आणि सगळे जिवंत होतील. हातिमचा पहिला बाण चुकतो, तो गुडघ्यापर्यंत दगड होतो. दुसरा चुकतो, कमरेपर्यंत. तिसरा तो डोळे मिटून, खुदावर भरवसा ठेवून सोडतो. तो लागतो.

दुसऱ्या रात्री भाच्याने नेमकं तेच मांडलं आणि हातिम मला केलं. फासा टाकला, चुकला. पुन्हा टाकला, चुकला. मी म्हणालो, "आता डोळे मिटतो."

भाचा थांबला. "मामू, मग अवघड आहे. नियमाप्रमाणे न बघता बाण मारला तर दोन फासे टाकायचे आणि लहान आकडा धरायचा."

टेबलावर वाद पेटला. एक मुलगा म्हणाला, गोष्टीत लागतो ना, मग लागलाच पाहिजे. दुसरा म्हणाला, आधीच माहीत असेल तर भरवसा कसला? भाच्याने माझ्याकडे पाहिलं. हवं तर नियम सोडू म्हणाला. मला ओटा आठवला, अब्बा आठवले, हातिमवरचा तो राग आठवला. मी म्हटलं, नियमाने टाक.

सतरा आणि चार. चार धरला.

कुणी बोलेना. इतक्या वर्षांत हातिमचा तिसरा बाण चुकलेला मी पाहिला नव्हता. खरं सांगतो, छातीत कसंतरी झालं. फाशाला भरवसा कळत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं. आपा दारात उभी होती. 'मी सांगितलं होतं' असं ती म्हणाली नाही, पण पदर सावरून बघत राहिली.

तेवढ्यात चोराचं पात्र घेतलेला मुलगा म्हणाला, "बाण खुर्चीवर परत आले असतील ना? मग मी जातो. जादू तुटली की काकाही जिवंत होतील." भाच्याने मान हलवली. भोवतीच्या त्या दगडी माणसांचा मी तोवर कधी विचारच केला नव्हता. अब्बांच्या ओट्यावर ती नुसती भोवती उभी असायची. आता त्यांतला एक मी होतो.

त्या मुलाचेही दोन बाण चुकले. सकाळी त्यांची पुण्याची बस होती, म्हणून खेळ तिथेच थांबला. त्यानंतर सगळ्यांच्या सुट्ट्या काही जुळल्या नाहीत. परवा भाच्याचा फोन आला होता, येत्या ईदला सगळे धुळ्याला येताहेत. एक बाण शिल्लक आहे.