विम्बल्डन : तिकीट नसलं तरी

सोडतीत नाव आलं नाही म्हणून हिरमुसू नका. सेंटर कोर्ट, कोर्ट १ आणि कोर्ट २ यांची प्रत्येकी सुमारे ५०० तिकिटं रोज रांगेतल्या प्रेक्षकांसाठी राखलेली असतात. अखेरच्या काही दिवसांत सेंटर कोर्टाची मात्र मिळत नाहीत. साउथफील्ड्स स्टेशनवर उतरायचं आणि विम्बल्डन पार्क गाठायचं. तिथं तारीख व क्रमांक छापलेलं कार्ड हाती पडलं की तुमचा नंबर पक्का. माणशी तिकीट एकच. मोठ्या कोर्टांसाठी लोक आदल्या दिवसापासून तंबू ठोकून मुक्काम करतात.

पहिल्यांदा जाणाऱ्यानं साधा मैदान-पासच घ्यावा, असं मी आग्रहानं सांगेन. पहिल्या आठवड्यात बाहेरच्या कोर्टांवर खेळाडू इतक्या जवळून दिसतात, की सर्व्हिसचा वेग डोळ्यांना कळतो. टीव्हीवर तो कधीच कळत नाही. दुहेरीचे उत्तम सामनेही तिथंच होतात.

संध्याकाळी लवकर निघू नका. घरी गेलेल्यांची मोठ्या कोर्टांवरची तिकिटं स्वस्तात पुन्हा विकली जातात आणि ते पैसे धर्मादाय कामाला जातात. जुलैत लंडनला रात्री नऊपर्यंत उजेड असतो. घरचा डबा आत नेता येतो.